नागपुरात फ्लॅट किरायाने द्यायचा तर कागद कोणते आणि खर्च किती

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील मागच्या वर्षी गेले, त्रिमूर्ती नगरातला टू बीएचके त्यांच्याच नावावर आहे, आई आता पुण्याला माझ्याकडे राहते, बहीण अमेरिकेत, फ्लॅट रिकामा पडलाय. बँकेत नोकरी करणारं एक जोडपं 14 हजार किराया आणि 40 हजार डिपॉझिट द्यायला तयार आहे. ब्रोकर म्हणतो अकरा महिन्यांचं नोटरी करून टाकू, हजार-बाराशेत काम होते, रजिस्ट्रीच्या झंझटीत पडू नका. तर नेमके कोणते कागद लागतात आणि खर्च किती?

भाऊ, पहिले सांगून टाकतो, मी वकील नाही. गेली अठरा वर्षं नागपुरात लोकांची घरं सांभाळतो, किरायाने देतो, आणि वेळ आली की खाली करून घेतो. हे शेवटचं काम ज्याने एकदा केलं ना, तो नोटरीचं नाव काढत नाही.

हे अकरा महिन्यांचं प्रकरण आलं कुठून ते समजून घ्या, कारण ब्रोकर तेच तुमच्या गळ्यात मारतील. केंद्राच्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीची लीज असेल तर रजिस्ट्री सक्तीची आहे, म्हणून देशभर लोकांनी अकरा महिन्यांची पळवाट काढली. पण महाराष्ट्रात ही पळवाट कधीच बंद झाली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, लागू झाला 31 मार्च 2000 पासून, त्याचं कलम 55 म्हणते की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी, भाडेकरूचा हक्क नाही) करार लेखी पाहिजे आणि नोंदवलेलाच पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची, किरायदाराची नाही. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आता कैद वगैरे झालेला घरमालक मी काही पाहिला नाही, खरी गोम पुढच्या ओळीत आहे: करार नोंदवलेला नसेल तर उद्या भांडण झाल्यावर किरायदार ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात, तुम्ही उलटं सिद्ध करेपर्यंत. म्हणजे तो म्हणाला की किराया 14 नाही 9 हजार ठरला होता, तर सिद्ध करत बसा तुम्ही.

माझ्या सख्ख्या मावशीच्या घरी हेच झालं. धंद्यात मी नवीन होतो, मीच तिला म्हटलं होतं की नोटरी चालून जाते, ते आजही ऐकावं लागते. किरायदार चांगला बोलणारा, मुदत संपली, आज जातो उद्या जातो करत वर्ष काढलं, लाइटबिल सात महिने भरलं नाही. वकिलाने कागद हातात घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाला यात नोटरीचा शिक्का तेवढा छान उमटलाय. शेवटी डिपॉझिट पूर्ण परत, वरून दोन महिन्यांचा किराया माफ, तेव्हा कुठे चावी मिळाली.

आता खर्चाचं गणित, कारण लोकांना वाटते रजिस्ट्री म्हणजे लाखाचं काम, पण ते घर विकताना. लिव्ह अँड लायसन्सला 60 महिन्यांपर्यंत स्टॅम्प ड्यूटी 0.25 टक्के. कशावर? पूर्ण मुदतीचा एकूण किराया, अधिक परत न मिळणारी रक्कम काही घेतली असेल तर ती, अधिक परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरून येणारं व्याज. तुमचंच उदाहरण घेऊ. अकरा महिने म्हणजे 14 हजार गुणिले 11, झाले 1 लाख 54 हजार. 40 हजारांवर अकरा महिन्यांचं व्याज साधारण 3,667. बेरीज 1,57,667, त्याचे पाव टक्का म्हणजे 394 रुपये. हो, तीनशे चौऱ्याण्णव. त्यावर नोंदणी फी महापालिका हद्दीत 1000 (ग्रामीण हद्दीत 500, म्हणजे तुमचा फ्लॅट जामठ्याकडे ग्रामपंचायतीत असता तर निम्मी), आणि दस्त हाताळणी शुल्क वेगळं, ते चलन बनवताना नोंदणी विभागाच्या पोर्टलवरच दिसते. गंमत बघा, आधी शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी व्हायची, ऑक्टोबर 2024 मध्ये सरकारने शंभर-दोनशेवाले दर पाचशेवर नेले, म्हणजे आता खोट्या समाधानाचा स्टॅम्प खऱ्या ड्यूटीपेक्षा महाग झालाय.

आणि अकराच महिने का करता? किरायदार चांगला वाटत असेल तर सरळ 36 महिन्यांचा करा, दर वर्षी 5 टक्के वाढ टाका. पहिल्या वर्षी 14,000, दुसऱ्या वर्षी 14,700, तिसऱ्या वर्षी 15,435. तीन वर्षांचा किराया झाला 5,29,620, डिपॉझिटचं व्याज 12 हजार, मिळून 5,41,620, ड्यूटी 1354 रुपये. नोंदणी फी तीच 1000, ती मुदतीप्रमाणे वाढत नाही. म्हणजे तीन वर्षांत एकदाच साधारण 2350, आणि दर अकरा महिन्यांनी नवीन केला तर प्रत्येक वेळी 1400, वरून करार करून देणाऱ्या एजंटची फी प्रत्येक वेळी. लोक घाबरतात की तीन वर्षं लिहून दिलं तर अडकलो, तसं नाही, करारात एक महिन्याच्या नोटिशीचं कलम दोन्ही बाजूंनी टाका आणि लॉक-इन, म्हणजे कोणीच करार मोडायचा नाही असा काळ, फक्त सहा महिन्यांचं ठेवा. 60 महिन्यांच्या वर मात्र जाऊ नका, तिथे ड्यूटी लीजच्या हिशोबाने लागते, म्हणजे मालमत्तेच्या बाजारभावावर, आणि ते गणित पाहून चक्कर येते.

पण तुमच्या केसमध्ये खरा प्रश्न ड्यूटीचा नाहीच आहे. करारावर घरमालक म्हणून सही कोण करणार? ब्रोकर म्हणेल आई करेल. फ्लॅट वडिलांच्या नावावर होता, मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने आई, तुम्ही आणि बहीण तिघांचा सारखा हिस्सा (आजी, म्हणजे वडिलांच्या आई हयात असतील तर त्यांचाही, हे लोक हमखास विसरतात). नॉमिनी कोण होतं यावर मालकी ठरत नाही. तेव्हा करारात तिघांचीही नावं पाहिजेत. सोबत मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, वडिलांच्या खरेदीची इंडेक्स टू (नोंदणी ऑफिसातून मिळणारा दस्ताचा गोषवारा) आणि घरटॅक्सची चालू पावती ठेवा. महापालिकेच्या झोन ऑफिसात टॅक्सला तुमची नावं चढवायला अर्जही आत्ताच देऊन टाका, घर विकायच्या वेळी लोक धावतात आणि तेव्हा सगळे कागद एकदम पाहिजे असतात.

आईला मात्र पुण्याहून यायची गरज नाही. करार ऑनलाइन नोंदवता येते, आधारवर अंगठा आणि वेबकॅमवर फोटो, आई-तुम्ही पुण्यात बसून करू शकता, किरायदार इथे करेल, फक्त पोर्टलवर दस्त भरताना जिल्हा नागपूर पाहिजे कारण मालमत्ता इथली आहे. दोन ओळख पटवणारे लागतात, त्यांचंही आधार. मग दुय्यम निबंधक तपासतात, काही चुकलं असेल तर शेरा मारून परत पाठवतात, नावाचं स्पेलिंग आधारसारखं नाही या एका कारणावरून किती दस्त परत आले असतील देव जाणे.

अंगठ्यावरून आठवलं. नागपूरच्या महाल भागातल्या एका आजींचा दस्त करायला गेलो होतो, वय 78, आयुष्यभर भांडी आणि धुणं हातानेच केलेलं, अंगठ्याच्या रेषाच राहिल्या नव्हत्या. मशीनवर आठ वेळा लाल दिवा. आजी म्हणतात, अरे बाप्पा मी काय चोर आहे का रे. सुनेने कोमट पाण्याने हात धुवून दिले, पुसले, थोडा बाम चोळला, तरी नाही. मग एकेक बोट करून पाहिलं आणि डाव्या हाताच्या अनामिकेवर हिरवा लागला. आधारला अंगठाच पाहिजे असं नाही, दहातलं कोणतंही बोट चालते, हे एजंट पोरांना माहीत नसते आणि ते म्हाताऱ्या माणसाला आधार सेंटरच्या लाइनीत नेऊन उभं करतात.

बहिणीचं काय? तिने तिथे मुखत्यारपत्र करायचं, तुमच्या नावाने, फक्त या फ्लॅटचा किराया करार करणे, नोंदवणे, किराया घेणे एवढ्यापुरतं. विक्रीचे अधिकार त्यात लिहू नका, उगीच संशयाला जागा नको. भारतीय वकिलातीत साक्षांकित करून आणू शकते किंवा तिथल्या नोटरीपुढे सही करून अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का) करून. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथली स्टॅम्प ड्यूटी भरून घ्यायची असते, हे बहुतेकांना माहीत नसते. कुरिअरचा लिफाफा फेकू नका, तो कधी आला याचा तोच पुरावा आहे.

इथे अजून एक खड्डा आहे. बहीण अनिवासी, म्हणजे तिच्या हिश्शाच्या किरायावर किरायदाराने टीडीएस कापायचा असतो, रक्कम कितीही छोटी असली तरी. दर 30 टक्के आणि वर सेस, म्हणजे 31.2. इथे राहणाऱ्या मालकाला महिन्याला 50 हजारांच्या वर किराया असेल तरच साधा किरायदार 2 टक्के कापतो (ऑक्टोबर 2024 च्या आधी 5 होता), म्हणून तुमच्या आणि आईच्या बाबतीत प्रश्न नाही. पण 14 हजारांतले तिच्या वाट्याचे साडेचार हजार, त्यावर दर महिन्याला टीडीएस भर म्हटलं तर कोणता किरायदार टिकेल? बँकवाले असल्याने समजून तरी घेतील. मी माझ्या लोकांना सांगतो, बहिणीची मर्जी असेल तर ती इकडे येईल तेव्हा आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्या, सगळा गुंता सुटते. पण मर्जी असेल तरच, किरायाच्या सोयीसाठी बहिणीचा हक्क सोडवून घेणारे भाऊही मी पाहिलेत आणि त्या घरांत नंतर राखीपौर्णिमा होत नाही.

इन्कम टॅक्समध्ये तुम्ही तिघं आपापला हिस्सा दाखवायचा, घरटॅक्स भरलेला वजा, आणि उरलेल्यावर 30 टक्के सूट सरसकट, त्याला बिलं लागत नाहीत. घराला रंग दिला म्हणून वेगळी सूट मिळत नाही, दर मार्चमध्ये कोणी ना कोणी पेंटरचं बिल घेऊन येतेच. जीएसटी नाही, राहायला दिलेलं घर आहे आणि किरायदार नोकरदार आहेत.

करारात काय लिहायचं. पोर्टलचा साचा तयार असतो पण त्यात वाढवता येते. शब्द लायसन्सी आणि लायसन्स फी हेच पाहिजेत, उद्देश राहण्यासाठी हे स्पष्ट पाहिजे, कारण भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 चा फायदा फक्त राहण्याच्या जागेला आहे. मुदत संपून माणूस उठला नाही तर कोर्टात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे (याच कायद्याखाली नेमलेला अधिकारी) अर्ज करता येते, नोंदवलेला करार हाच तिथे निर्णायक पुरावा धरतात, समन्स मिळाल्यावर त्याला 30 दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांचे दुप्पट दराने पैसे. दुकान किंवा ऑफिस असेल तर हे कलम नाही, मग लघुवाद कोर्टाची वारी.

वस्तूंची यादी जोडाच. आपल्या नागपुरात डिपॉझिटवरून होणारी निम्मी भांडणं कूलरची असतात, हसू नका. खिडकीला डेझर्ट कूलर लावतात, मार्च ते जून पाणी झिरपते, खिडकीखालची भिंत फुगते, आणि पंखा तर आधीपासून खराब होता असं सुरू होते. चावी देताना मी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढतो, खिडकीखालची भिंत जवळून, नळ उघडून, गिझर चालू करून, मीटरचं रीडिंग आणि मीटर नंबर दोन्ही फ्रेममध्ये, आणि तिथेच उभं राहून किरायदाराच्या व्हॉट्सअॅपवर पाठवतो. याचा खर्च शून्य, आणि स्टॅम्पपेपरपेक्षा जास्त वेळा हाच कामी आलाय.

लाइट आणि पाण्याचं बिल कोण भरेल ते लिहा, आणि राहण्याशिवाय दुसरा वापर नाही हेही. माझ्या एका मालकाच्या फ्लॅटमध्ये किरायदाराने कुरिअरचं गोदाम केलं, घरगुती मीटरवर, तपासणी आली आणि वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी मालकाच्या नावावर, कारण मीटर त्याच्या नावाचं. आणि उलट बाजूने, किराया थकला म्हणून लाइट किंवा पाणी तुम्ही तोडू शकत नाही, भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 ने मनाई आहे, कितीही राग आला तरी. किराया बँकेतूनच घ्या. नगदी घेतला तर पावती द्यावीच लागते आणि 5 हजारांच्या वरच्या पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट.

पोलिसांकडे किरायदाराची माहिती द्यायची, महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर फॉर्म आहे, फोटो, आधार, नोकरीचा पत्ता, फी काही नाही. यासाठी पाचशे-हजार मागणारे भेटतील, ते स्वतःच्या टायपिंगचे मागतात. पोलीस आयुक्तांचे याबद्दल आदेश निघत असतात आणि तो मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 223 लागते, आणि ते लागते घरमालकाला.

सोसायटीचं नागपुरात वेगळंच आहे. इथल्या बऱ्याच स्कीम सहकारी सोसायटी नसून 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या आहेत, तुमच्या खरेदीखताच्या जागी डीड ऑफ अपार्टमेंट असेल तर तुमचीही तीच. सहकारी सोसायटी असेल तर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते तो) सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाही, 1 ऑगस्ट 2001 चा सरकारी आदेश आहे. तो आदेश सोसायट्यांसाठीचा, अपार्टमेंटमध्ये डिक्लेरेशन आणि बायलॉज काढून पाहावे लागतात. आणि प्लॉट नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लीजचा असेल तर लीज डीडमधल्या अटी एकदा वाचून घ्या.

मध्यंतरी एक व्हॉट्सअॅप फिरत होतं की डिपॉझिट दोन महिन्यांच्या वर घेता येत नाही. ते 2021 च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यातलं, तो राज्याने स्वीकारला तरच लागू होते आणि महाराष्ट्रात तो लागू नाही. तुमचे 40 हजार म्हणजे तीन महिन्यांच्याही आत, चालते.

जुन्या लोकांची भीती कुठून येते तेही सांगतो, कारण तुमच्या आई नक्की म्हणतील की किरायदार ठेवला की घर गेलं. नागपुरात 1949 चा सी. पी. अँड बेरार (जुना मध्य प्रांत-वऱ्हाड) रेंट कंट्रोल ऑर्डर होता, त्यात किरायदाराला खाली करायची नोटीस देण्याआधीच रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागायची, ती मिळाली की मग कोर्ट. इतवारी-महालात त्या काळचे किरायदार अजून आहेत, आजोबांनी ठेवलेला माणूस, नातू भांडतोय. 1999 च्या कायद्याने तो ऑर्डर गेला. आईंना सांगा, आपण भाडेकरू ठेवत नाही आहोत, लायसन्स देतोय, मुदतीचं.

ब्रोकर इथे साधारण एका महिन्याचा किराया घेतात, काही दोन्हीकडून अर्धा-अर्धा, ते बोलून घ्या. करार भरून देणाऱ्याची आणि मशीन घेऊन घरी येण्याची फी वेगळी, त्याला आधीच विचारा की सरकारी चलन किती आणि तुझे किती, चलनाची पावती माझ्या नावावर दे. "सगळं मिळून चार हजार" म्हणणाऱ्याला तर हे नक्की विचारा. स्टॅम्प ड्यूटी-नोंदणीचा खर्च इथे बहुतेक अर्धा-अर्धा वाटतात. बाहेरगावच्या मालकाचं घर सांभाळायचे मी किरायाचे 8 टक्के घेतो, त्यात दर तीन महिन्यांनी चक्कर आणि बिलं तपासणं आलं, दुरुस्तीचे पैसे वेगळे.

क्रम असा ठेवा: आधी बहिणीला मुखत्यारपत्राचा मसुदा पाठवा कारण सगळ्यात जास्त वेळ तिथे जाते, तोवर जोडप्याकडून टोकन घ्या पण चावी देऊ नका, करार नोंदला आणि इंडेक्स टू हातात आली की मग चावी. ब्रोकर म्हणेल सामान तर ठेवू द्या, पोरगं चांगलं आहे, टेम्पो ठरलाय. तेव्हा टेम्पोवाल्याची तारीख बदला.